दांडेकर, सरासरी आणि आमचे दोन जिल्हे

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मी दर वर्षी 'माझा जिल्हा' या विषयावर निबंध लिहून घेतो. विषय जुनाट आहे हे मला ठाऊक आहे; पण नव्या मुलांची भाषा कुठून येते, ते त्यातून कळते. निम्म्याहून अधिक वह्यांत पहिले वाक्य जवळजवळ एकच असते : 'गडचिरोली हा महाराष्ट्रातील अत्यंत मागासलेला जिल्हा आहे.' भामरागडकडचा माडिया मुलगा ते लिहितो, वडशाच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगीही तेच लिहिते. वैनगंगा, मार्कंड्याचे देवालय, सागवानाचे जंगल हे सगळे नंतर येते. चंद्रपूर जिल्ह्यातून आलेली मुले कोळसा आणि ताडोबा यांनी सुरुवात करतात, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीत तीही 'विकासाच्या अनुशेषा'वर येऊन पोहोचतात.

अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या मुलखाविषयी बोलायला तोंड उघडावे आणि आधी उणेपणाची नोंद करावी, हे मला बरीच वर्षे खटकत आले आहे. हे वाक्य त्याच्या आजीचे नाही. झाडीबोलीत 'मागासलेला जिल्हा' असा प्रयोग मी कधी ऐकलेला नाही. हे वाक्य अहवालातून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून भाषणात आणि भाषणातून परीक्षेच्या गाईडात आलेले आहे. त्याचा माग काढत मागे गेलो, तेव्हा एका संख्याशास्त्रज्ञापाशी येऊन थांबलो. विनायक महादेव दांडेकर हे त्यांचे नाव. या वाक्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही, असे माझे मत आहे. त्यांनी एक पद्धत मांडली होती. आम्ही तिच्यातला एक शब्द तेवढा उचलला आणि पद्धत पुस्तकाच्या कपाटात ठेवून दिली.

मी मराठीचा अध्यापक आहे. बारावीनंतर गणिताशी माझा संबंध निकालपत्रकापुरता उरला. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एका वाचकाचे म्हणणे समजावे. पण दांडेकर वाचायला गणित फारसे लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे लेखन स्वच्छ आहे. आपण काय गृहीत धरले आहे, ते ते आधी सांगतात आणि मग बेरीज-वजाबाकीला लागतात. वाचकाला भांडायचे असेल तर नेमके कुठे भांडायचे, ती जागाही तेच दाखवून देतात. समीक्षेत हा गुण किती दुर्मीळ आहे, ते आपण जाणतोच.

जन्म १९२० चा, साताऱ्याचा. मृत्यू १९९५ साली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या काळात ते रुजू झाले आणि १९६६ ते १९८० या काळात त्या संस्थेचे संचालक होते. पत्नी कुमुदिनी दांडेकर लोकसंख्याशास्त्रज्ञ. नमुना पाहणी, म्हणजे थोडी घरे नीट निवडून, त्यांना नीट प्रश्न विचारून सगळ्यांविषयी काही बोलता येणे, ही त्यांची मूळ विद्या. म. भा. जगताप यांच्यासह त्यांनी 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हे पुस्तक मराठीतच लिहिले. ग्रामीण साहित्याच्या पेपरला आम्हाला पार्श्वभूमी म्हणून पुष्कळ काही वाचायला लावले होते, पण त्या यादीत हे पुस्तक नव्हते. असो.

त्यांचे नाव देशभर झाले ते १९७१ साली नीलकंठ रथ यांच्यासह लिहिलेल्या 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासामुळे. दारिद्र्य हा आपल्या साहित्यातला भावनेचा शब्द. दांडेकर-रथांनी त्याला मापात बसवले. माणसी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर घेता येते, ती पातळी म्हणजे रेषा. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात ती महिन्याला माणसी १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे येते. म्हणजे खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी आठ आणे. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे लावून पाहिले, तेव्हा खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे या आठ-बारा आण्यांच्याही खाली निघाली. स्वातंत्र्याला तेव्हा तेरा-चौदा वर्षे झाली होती.

या रेषेवर पुढे ज्यांनी वाद घातला, त्यांतले सर्वांत तुल्यबळ प्रतिपक्षी पांडुरंग वासुदेव सुखात्मे. तेही संख्याशास्त्रज्ञ, आणि गंमत म्हणजे तेही सातारा जिल्ह्यातले, बुध गावचे. सुखात्म्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची अन्नाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते. शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली असणारा प्रत्येक जण उपाशी धरणे चूक आहे. उपासमारीची रेषा सरासरीच्या बरीच खाली आखली पाहिजे. दांडेकरांना हे मान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद रंगला. रेषा थोडी खाली सरकवली की कोट्यवधी माणसे उपाशांच्या यादीतून बाहेर जातात, हे दोघांनाही ठाऊक होते, म्हणूनच दोघेही इतके इरेला पेटले. संख्याशास्त्र हे कोरडे शास्त्र आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वाद वाचावा.

आमच्या भागात तो वाचताना एक वेगळीच अडचण मनात येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग चारोळी आणि तेंदूपाने, पावसाळ्यात रानभाज्या आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. यातले जे घरात खाल्ले जाते, त्याची किंमत स्थानिक भावाने धरावी, असा नमुना पाहणीचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तो प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला जंगलातला ऋतू कळावा लागतो. नाहीतर रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना बेरजेत शून्य होऊन बसतो.

आता अनुशेषाकडे येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, १९८३ साली, राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. (फुल्यांचा शब्द सरकारी ठरावात असा येऊन बसावा, हे मराठीच्या अध्यापकाला गंमतीचे वाटते.) १९८४ साली अहवाल आला. त्यातली कल्पना इतकी साधी आहे की शाळकरी मुलालाही कळावी. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणायला जेवढे काम उरले आहे तो त्याचा अनुशेष. त्या कामाला लागणारा पैसा हा आर्थिक अनुशेष. सगळे मिळून सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाले. त्यांत विदर्भाचे सुमारे १,२४७ कोटी, मराठवाड्याचे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९ कोटी.

या शेवटच्या आकड्याने विदर्भात तेव्हा पुष्कळांचा तिळपापड झाला. पश्चिम महाराष्ट्राचाही अनुशेष? इथे दांडेकरांची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. त्यांनी प्रदेशाऐवजी जिल्हा हे एकक धरले. एका जिल्ह्याची शिल्लक दुसऱ्या जिल्ह्याच्या तुटीत वळती करायची नाही. सधन जिल्ह्याच्या शेजारी असणे हा कोणत्याही दुष्काळी जिल्ह्याचा दोष नव्हे. १९५३ च्या नागपूर कराराच्या भाषेत प्रदेश विरुद्ध प्रदेश असा विचार करणाऱ्यांना हे पचणे कठीण होते. माझ्या मते दांडेकरांचा विचार अधिक न्याय्य होता. पण मग तो तसाच पुढे नेला, तर एक प्रश्न आपोआप उभा राहतो. सधन जिल्ह्याच्या शेजारच्या जिल्ह्याला जो न्याय, तो एकाच जिल्ह्यातल्या सधन तालुक्याच्या शेजारच्या तालुक्याला का नाही? वरोरा आणि जिवती एकाच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. आरमोरी आणि भामरागड एकाच गडचिरोली जिल्ह्यात आहेत. सरासरी काढली की दोन्ही जोड्यांतले अंतर पुसले जाते. ही पद्धतीची चूक नाही, ती पद्धतीची मर्यादा आहे आणि पद्धत उघडपणे सांगितलेली असल्यामुळेच ती मला आज दिसते.

दुसरी गोष्ट छेदाची. शाळेत आपण अपूर्णांक शिकतो तेव्हा अंश वर आणि छेद खाली. सार्वजनिक वादात सगळे भांडण अंशाचे चालते, खाली काय आहे ते कोणी पाहत नाही. सिंचनाचेच घ्या. सिंचनाचे प्रमाण पेरणीखालच्या जमिनीशी लावून काढतात. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. पेरणीची जमीन उरलेल्या चौथाईतली. छेदच लहान. त्यात भंडारा-गोंदियापासून आमच्यापर्यंत साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गाळ मात्र जिथल्या तिथे साचत राहिला. धानाच्या बांधीला पावसाने ओढ दिली तर एखादे-दुसरे पाणी देण्यापुरते त्यांतले कित्येक उरले आहेत. तरीही कागदावर ते सिंचन आहे. विदर्भाच्या सिंचन अनुशेषाची सगळी चर्चा पुढे अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांवर येऊन स्थिरावली, त्याचे आश्चर्य वाटू नये. त्या चार जिल्ह्यांची तूट खोटी नाही. पण आमच्या मुलांनी निबंधात 'सिंचनाचा अनुशेष' असे डोळे मिटून लिहावे, हेही खरे नाही. आमची अडचण त्या रकान्यात मावत नाही, ती दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात शोधावी लागेल.

सरासरीची तिसरी खोड म्हणजे ती एका जागी उभी राहत नाही. खालचे वर येत असताना वरचेही वर जातात. १९९४ साली घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे आली, निर्देशांक व अनुशेष समिती आली आणि २००० सालच्या हिशेबात राज्याचा आर्थिक अनुशेष १४ हजार कोटींच्या वर गेला. यात महागाईचा वाटा मोठा होता, मोजमापातल्या बदलांचाही होता. पण भाषणांतून लोकांपर्यंत गेले ते एवढेच की अनुशेष वाढला. पुढे विजय केळकर समितीने २०१३ साली वेगळ्या दिशेने विचार मांडला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. शब्द मात्र टिकून आहे. आज तो कशालाही लागतो : 'प्राध्यापक भरतीचा अनुशेष', 'खेळांचा अनुशेष'. मी एका लग्नात 'जेवणाचा अनुशेष भरून काढा' असे ऐकले आहे. शब्दाचे असे होणे स्वाभाविक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की मूळ व्याख्येत अनुशेष हा सरकारच्या कामातला होता, तो हळूहळू माणसांतला झाला. रस्ता उरला होता. आता मुलालाच वाटते की आपण उरलेलो आहोत.

या पडझडीला पुढच्या आकड्यांनी हातभार लावला. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक १.०० होता आणि गडचिरोलीचा ०.२१, राज्यात सर्वांत खाली. तो दशांश आमच्याकडे बिरुदासारखा लावला गेला. याच्या उलट, दरडोई उत्पन्नात चंद्रपूर जिल्ह्याला कोळशाने, सिमेंटने आणि २,९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राने मोठाच आधार दिला. वीज जिल्ह्याबाहेर जाते, नफा बाहेर जातो, राख आणि धूळ राहते. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र सगळे जिल्ह्याच्या नावावर जमा होते. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून गडचिरोलीच्या बाबतीतही हेच घडणार हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. दरडोईचा आकडा चढेल आणि निबंधाचे पहिले वाक्य कदाचित बदलेल. ते कोणाच्या घरात बदलले, हे त्या आकड्याला विचारता येणार नाही.

दांडेकरांची सरासरी आमच्या घरापर्यंत आलेली आहे, हेही इथे नोंदवतो. १९७६ साली त्यांनी पीक विम्याची क्षेत्राधारित कल्पना मांडली. प्रत्येक शेताची वेगळी पाहणी करायची तर पाहणीचाच खर्च विम्याहून जड होईल; तेव्हा एखादा भाग घ्यावा, त्यातल्या पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पन्न काढावे आणि ते ठरल्यापेक्षा खाली गेले तर सगळ्यांना भरपाई द्यावी. १९८५ ची देशव्यापी योजना याच तत्त्वावर उभी राहिली आणि नंतरच्या योजनांतही ते टिकले. तर्क बिनतोड आहे. माझ्या धाकट्या भावाची ब्रह्मपुरी तालुक्यात धानाची बांधी आहे. एका वर्षी ऐन लोंबीत तुडतुडे पडले आणि त्याची बांधी आठवड्यात वाळून गेली. मंडळातल्या बाकीच्या गावांत धान बरे होते. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. त्याला काही मिळाले नाही. मी त्याला क्षेत्राधारित विम्याचे तत्त्व समजावून सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे माझं नुकसान व्हायचं तर गावाचंही व्हावं लागते." तत्त्वाची इतकी अचूक व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

मग मोठ्या संख्येचा नाद सोडून द्यावा काय? तसे मला वाटत नाही, आणि त्याला कारण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च'मध्ये जे केले, ते वैद्यकाइतकेच मोजणीचे काम होते. जिल्ह्याची सरासरी बाजूला ठेवून त्यांनी गावे धरली. कोणत्या घरी मूल जन्मले, कोणते गेले, केव्हा गेले, याची नोंद गावातल्याच माणसांनी ठेवायची आणि ती पुन्हा तपासायची. जन्मताच गेलेले मूल पुष्कळदा जन्माच्या नोंदीत नसते आणि मृत्यूच्याही नसते. ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी उपाय कोण शोधणार? घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते, तिसऱ्या वर्षी ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत प्रमाण साठीच्या आसपासच राहिले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सरकारी नोंदीतले बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी आहेत, हे त्यांनी २००२ साली राज्यापुरते मांडले, तेव्हा आधी आकड्यांवर संशय घेतला गेला आणि मग त्याच आकड्यांसाठी समिती नेमावी लागली.

डॉ. बंग संख्याशास्त्रज्ञ नाहीत आणि दांडेकर कधी गडचिरोलीच्या गावात जन्ममृत्यू मोजत बसले नाहीत. तरी मला दोघांत एक नाते दिसते. काय मोजले, कसे मोजले आणि काय सुटले, हे दोघेही सांगून मोकळे होतात. ज्या मजकुरात हे नसते आणि नुसताच आकडा असतो, तो वाचताना मला पुराणातल्या साठ हजार सगरपुत्रांची आठवण येते. ऐकायला भव्य, तपासायला कोणी नाही.

आमच्या महाविद्यालयातही दर वर्षी आकडे भरतात. प्रवेशित विद्यार्थी इतके, अनुसूचित जमातीचे इतके, मुली इतक्या. रकाने बरोबर असतात. जुलैत रोवणी लागली की त्यांतले अर्धे बाक रिकामे होतात. एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की पुन्हा होतात. 'प्रवेशित' या शब्दाखाली ती मुले वर्षभर वर्गातच असतात. मी स्वतः अशा तक्त्यांवर सही केलेली आहे, तेव्हा इतरांना नावे ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही.

मागच्या वर्षी निबंधाचा विषय बदलून पाहिला : 'माझ्या गावात मी मोजलेली एक गोष्ट'. मुले गोंधळली. कोणी मोहाची झाडे मोजली, कोणी हातपंप. धानोरा तालुक्यातल्या एका मुलाने फेब्रुवारीत गावातली बंद घरे मोजायला घेतली. मिरची तोडायला घरची घरे तेलंगणात जातात, ते त्याला मांडायचे होते. तो वही घेऊन आला तेव्हा निबंध अर्धाच होता. म्हणाला, "सर, कुलूप लावलेली घरं मोजून झाली. पण काहींकडे कुलूपच नाही, दार दोरीनं बांधून गेलेत. आणि दोन घरी म्हातारी माणसं एकटी मागं राहिलीत. ही घरं बंद धरायची का उघडी?"

मी त्याला तिन्ही आकडे वेगळे लिहायला सांगितले, आणि प्रत्येकापुढे, तो तसा का लिहिला तेही.